एका डॉलरवर सह्या करणाऱ्या नऊजणी

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण. गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं आणि मग त्यावर बोलावं.)



आज मी तुम्हाला टेनिस खेळणाऱ्या एका बाईची गोष्ट सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, टेनिसचं आणि आपलं काय? आपल्या गावात ना ते मैदान, ना ती तारा विणलेली बॅट. खरं आहे. पण ही गोष्ट खेळाची थोडी आणि मजुरीची जास्त आहे. म्हणून म्हटलं, आपल्या कार्यक्रमात ती सांगायलाच हवी.

माझी आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. सकाळी वाफ्यात बसली की संध्याकाळीच तिची पाठ सरळ व्हायची. बाजाराच्या दिवशी हिशेब व्हायचा. गड्याच्या हातावर जास्त नोटा, बाईच्या हातावर कमी. मी लहान होते. विचारलं, "आई, तू तर दिवसभर उठलीसुद्धा नाहीस, मग तुला कमी का?" आई म्हणाली, "बाईचा रोज तेवढाच असतो गं." जसं काही तो रोज वरून ठरूनच आलाय.

आईला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं, की त्याच सुमारास सातासमुद्रापलीकडे एक बाई हाच प्रश्न विचारत होती. तिचं नाव बिली जीन किंग. २०२५ च्या एप्रिलमध्ये पुण्याजवळ म्हाळुंगे-बालेवाडीला बायकांच्या टेनिसचे सामने झाले. भारत, न्यूझीलंड, थायलंड, दक्षिण कोरिया अशा देशांच्या मुली तिथे खेळल्या. त्या स्पर्धेचं नाव आहे बिली जीन किंग चषक. ज्या बाईच्या नावाचा चषक आपल्या पुण्यापर्यंत आला, ती कोण, ते आज ऐकू या.

आगीच्या बंबावरच्या माणसाची लेक

बिली जीनचा जन्म २२ नोव्हेंबर १९४३ चा, अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात, लाँग बीच नावाच्या गावचा. वडील अग्निशमन दलात, म्हणजे आगीच्या बंबावर नोकरीला. आई घर बघायची. माहेरचं नाव मॉफिट. एक धाकटा भाऊ, तो पुढे बेसबॉल या खेळात नाव काढणारा झाला. घर खाऊनपिऊन सुखी, पण पैसा मोजूनमापून.

टेनिस हा तेव्हा श्रीमंतांचा खेळ होता. मोठमोठ्या क्लबांत, पांढऱ्या कपड्यांत खेळायचा. पण लाँग बीचच्या सार्वजनिक बागांत नगरपालिकेची मैदानं होती आणि तिथे क्लाइड वॉकर नावाचे शिक्षक मुलांना फुकट शिकवायचे. ही अकरा वर्षांची मुलगी तिथे जाऊ लागली. रॅकेट कुठून आणायची? शेजाऱ्यापाजाऱ्यांची बारीकसारीक कामं करून तिने पैसे साठवले. आठेक डॉलर जमल्यावर पहिली रॅकेट घेतली. डॉलर म्हणजे अमेरिकेचा रुपया समजा.

एकदा मोठ्या शहरातल्या क्लबात मुलांची स्पर्धा होती. सगळ्या मुलांचा एकत्र फोटो काढायचं ठरलं. बिली जीनच्या अंगात आईने घरी शिवलेली अर्धी चड्डी होती. इतर मुलींसारखा टेनिसचा झगा नव्हता. तेवढ्यावरून तिला फोटोतून बाजूला काढलं. आईला किती वाईट वाटलं असेल, ते तुम्हाला सांगायला नको.

ती आणखी एक गोष्ट सांगायची. त्या क्लबात तिने आजूबाजूला पाहिलं. कपडे पांढरे, बूट पांढरे, चेंडू पांढरा आणि खेळणारी माणसंही सगळी गोरी. बाकीचे लोक कुठे आहेत, असा प्रश्न तिच्या मनात आला. बारा वर्षांची मुलगी ती. हा खेळ सगळ्यांचा व्हायला हवा, असं तिने तेव्हाच मनाशी धरलं.

खेळ कसा असतो?

पुढचं समजायला खेळ थोडक्यात सांगते. मैदानाच्या मधोमध जाळी. दोन्ही बाजूंना एकेक खेळाडू. चेंडू जाळीवरून पलीकडे मारायचा. समोरच्याला तो एका टप्प्याच्या आत परत मारता आला नाही, तर गुण आपला. असे गुण जमले की एक गेम होतो आणि सहा गेम जिंकले की साधारण एक सेट होतो. बायकांच्या सामन्यात तीनपैकी दोन सेट जिंकायचे असतात. मोठ्या स्पर्धांत पुरुषांना पाचपैकी तीन जिंकावे लागतात. एवढं लक्षात ठेवा. पुढे यावरून भांडण होणार आहे.

जगात चार स्पर्धा सगळ्यांत मोठ्या: ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, अमेरिकन आणि इंग्लंडमधली विम्बल्डन. यांना ग्रँड स्लॅम म्हणतात. आपल्याकडे एखाद्या मोठ्या जत्रेतल्या कुस्तीला जो मान, तोच तिकडे विम्बल्डनला.

१९६१ साली, सतरा वर्षांची असताना, बिली जीनने विम्बल्डनमध्ये कॅरेन हांट्झेबरोबर दुहेरीचं विजेतेपद मिळवलं. तरी कॉलेजात तिला शिष्यवृत्ती मिळाली नाही. चांगलं टेनिस खेळणाऱ्या मुलग्यांना मिळायची, मुलींना नाही. ती दोन-दोन नोकऱ्या करून शिकली आणि खेळली. १९६५ साली तिचं लॅरी किंगशी लग्न झालं. १९६६ साली तिने विम्बल्डनची एकेरी जिंकली. पुढच्या वर्षी पुन्हा, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा.

रुपया आणि सहा आणे

१९६८ पर्यंत या मोठ्या स्पर्धांत बक्षिसाचा उघड पैसा नव्हता. खेळ हौसेचा मानला जायचा. १९६८ साली नियम बदलला आणि विजेत्याला रोख रक्कम मिळू लागली. त्या वर्षी विम्बल्डनमध्ये पुरुषांत रॉड लेव्हर जिंकला, बायकांत बिली जीन. लेव्हरला मिळाले २,००० पौंड. बिली जीनला ७५०.

जुन्या हिशेबात सांगते. पुरुषाला रुपया, तर बाईला सहा आणे. मैदान तेच, जाळी तीच, तिकीट काढून आलेली माणसंही तीच. रोज वेगळा.

बिली जीनला वाटलं, पहिलंच वर्ष आहे, पुढे सुधारेल. सुधारलं नाही, उलट बिघडलं. १९७० साली अमेरिकेतल्या एका मोठ्या स्पर्धेत पुरुष विजेत्याला १२,५०० डॉलर आणि बाईला १,५०० असं जाहीर झालं. म्हणजे रुपयाला दोन आणेसुद्धा नाहीत. शिवाय कित्येक स्पर्धांतून बायकांचे सामनेच बंद होऊ लागले होते. बायका भेटायला गेल्या, रक्कम वाढवा म्हणाल्या. नाही, असं उत्तर आलं.

काम वेगळं म्हणून रोज वेगळा, असं आपल्याला सांगतात ना? खुरपणं हलकं, औषध मारणं जड. तिकडेही तेच सांगत होते. पुरुष पाच सेट खेळतात, बायका तीनच, मग पैसे सारखे कसे? बिली जीनचं उत्तर असं होतं, की लोक तास मोजून तिकीट काढत नाहीत, चांगला खेळ बघायला काढतात. तमाशातल्या किंवा नाटकातल्या कलावंताला कुणी घड्याळ लावून पैसे देत नाही, तसंच हे. आणि पाच सेट खेळायची बायकांचीही तयारी होती. खेळायला सांगितलं कुणी?

नऊजणींची सही

आता गोष्टीतला महत्त्वाचा भाग. नीट ऐका.

बायकांनी ठरवलं, त्या स्पर्धेला जायचं नाही. पण नुसतं न जाऊन काय होणार? घरी बसलं तर आपलंच नुकसान. त्यांच्या मदतीला आल्या ग्लॅडिस हेल्डमन. या बाई टेनिसचं एक मासिक चालवायच्या. त्यांनी टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टन शहरात, त्याच आठवड्यात, फक्त बायकांची वेगळी स्पर्धा भरवली. बक्षिसाची रक्कम जमवली एकूण साडेसात हजार डॉलर.

टेनिसच्या संघटनेने धमकी दिली. तिथे खेळाल तर तुमच्यावर बंदी घालू. मोठ्या स्पर्धांचे दरवाजे बंद होतील. जिचं पोट खेळावर, तिला ही साधी धमकी नव्हती.

२३ सप्टेंबर १९७० ला ह्यूस्टनमध्ये खेळाडूंनी ग्लॅडिसबाईंशी करार केला. कराराची रक्कम एक डॉलर. फक्त एक. पैशासाठी तो करार नव्हताच. आम्ही आता आमच्या कामाच्या मालकिणी, आमचं खेळणं कुठे आणि कसं ते आम्ही ठरवणार, हे कागदावर आणण्यासाठी तो होता. हातात एकेक डॉलरची नोट उंच धरून काढलेला त्यांचा फोटो आजही प्रसिद्ध आहे. घरी शिवलेल्या चड्डीपायी जिला एकदा फोटोतून बाजूला केलं होतं, ती या फोटोत आहे.

त्या नऊजणींची नावं मी मुद्दाम सांगते, कारण मोठीचं एकटीचं नाव राहतं आणि बाकीच्यांची विसरतात. बिली जीन किंग, रोझी कॅझल्स, नॅन्सी रिची, पीचेस बार्टकोविझ, क्रिस्टी पिजन, व्हॅलेरी झिगेनफस, ज्युली हेल्डमन या सात अमेरिकेच्या. ज्युडी डाल्टन आणि केरी मेलव्हिल या दोघी ऑस्ट्रेलियाच्या. ती ह्यूस्टनची स्पर्धा जिंकली रोझी कॅझल्सने.

बंदी आली. पण पुढच्या वर्षी बायकांची स्वतःची स्पर्धांची मालिका सुरू झाली, शहरोशहरी. खेळाडूच रस्त्यावर जाऊन लोकांना तिकिटं वाटायच्या, रेडिओवर बोलायच्या, सामना संपल्यावर लोकांत मिसळायच्या. पैसा एका सिगारेट कंपनीने दिला होता. खेळाडूंनी सिगारेटच्या पैशावर खेळावं का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला, आणि तो खोटा नव्हता. बिली जीन स्वतः सिगारेट ओढत नव्हती. पण दुसरं कुणी दारात उभं करत नव्हतं, तेव्हा हा पैसा त्यांनी घेतला. त्याच १९७१ सालात बिली जीनने एका वर्षात एक लाख डॉलरहून जास्त कमावले. इतकी कमाई करणारी ती पहिली महिला खेळाडू.

इथे मला पुन्हा आई आठवते. एका सुगीत तिच्या टोळीतल्या बायकांनी ठरवलं होतं, रोज वाढवल्याशिवाय रानात पाय ठेवायचा नाही. दोन दिवस बसल्या. तिसऱ्या दिवशी घराघरांतलं मीठ-तेल संपलं. चौघी गेल्या. मग बाकीच्याही गेल्या. त्या चौघींना मी नावं ठेवत नाही. त्यांच्या हाताला दुसरं काम नव्हतं, घरात साठवलेला पैसा नव्हता आणि ठरलेलं कागदावरही नव्हतं. त्या नऊजणींनी नाही म्हणायच्या आधी दुसरं मैदान तयार ठेवलं होतं. धाडस तर लागतंच, पण पाय ठेवायला जागा असली की धाडस टिकतं. आपल्या बचत गटाच्या पेटीतला पैसा ही अशीच जागा आहे.

मागणी करायला जाताना

१९७२ साली बिली जीनने अमेरिकन ओपन जिंकली. पुरुषांत जिंकला रुमानियाचा इली नस्तासे. त्याला २५,००० डॉलर, हिला १०,०००. रुपयाला चाळीस पैसे. तिने तिथेच सांगून टाकलं, पुढच्या वर्षी रक्कम सारखी नसेल तर मी येणार नाही, आणि बाकीच्या बायकाही येतील असं मला वाटत नाही.

पण ती नुसती बोलून थांबली नाही. मधल्या काळात फरकाचा पैसा कुठून आणायचा याची खटपट तिने केली. एक कंपनी तो भरून द्यायला तयार झाली. मग स्पर्धा भरवणाऱ्याला नाही म्हणायला कारणच उरलं नाही. १९७३ च्या अमेरिकन ओपनमध्ये पुरुष आणि स्त्री, दोन्ही विजेत्यांना २५,००० डॉलर मिळाले. मोठ्या चारांपैकी समान पैसे देणारी ही पहिली स्पर्धा.

आणि गंमत बघा. तो पहिला समान धनादेश बिली जीनला मिळालाच नाही. कडक उन्हात तब्येत बिघडून तिला अर्ध्यावर सामना सोडावा लागला, तोही नऊजणींतल्याच ज्युली हेल्डमनसमोर. धनादेश मिळाला ऑस्ट्रेलियाच्या मार्गारेट कोर्टला, जी त्या नऊजणींत नव्हती. झाड लावणाऱ्याच्याच ताटात फळ पडतं असं नाही.

त्याच वर्षी आणखी एक काम झालं. पुरुष खेळाडूंनी आदल्या वर्षी आपली संघटना काढली होती, तीत बायकांना घेतलं नव्हतं. बायकांमध्येही दोन-तीन तट होते. जून १९७३ मध्ये, विम्बल्डनच्या आधी, लंडनच्या एका हॉटेलात बिली जीनने साठेक खेळाडूंना एकत्र बोलावलं. हॉलंडची बेटी स्टोव्ह चांगली उंच खेळाडू. तिला सांगितलं, दाराला कुलूप लाव आणि निर्णय होईपर्यंत कुणाला बाहेर सोडू नकोस. बैठकीत अर्ध्यावर उठून जाणाऱ्या बायका तुम्हीही पाहिल्या असतील. बाहेर पडल्या तेव्हा महिला टेनिस संघटना स्थापन झाली होती आणि बिली जीन तिची पहिली अध्यक्ष होती. जगभरच्या महिला टेनिसचा कारभार आजही तीच संघटना चालवते. आपली सानिया मिर्झा, मुंबईत जन्मलेली आणि हैदराबादेत वाढलेली, २०१५ साली दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचली, ती याच संघटनेच्या क्रमवारीत.

पंचावन्न वर्षांचा गडी

आता तो सामना, ज्याच्यामुळे बिली जीनचं नाव टेनिस न कळणाऱ्यांच्याही घरात गेलं.

बॉबी रिग्ज नावाचा एक जुना खेळाडू होता. १९३९ चा विम्बल्डन विजेता. आता वय पंचावन्न. पैजा लावायचा नाद. तो सगळीकडे सांगत फिरू लागला, बायकांचा खेळ इतका कच्चा आहे की या वयातही मी त्यांच्यातल्या सगळ्यांत चांगलीला हरवीन. बायकांची जागा घरात. बिली जीनने आधी त्याला भाव दिला नाही. मार्गारेट कोर्टने आव्हान घेतलं. ती तेव्हा जगातली अव्वल खेळाडू, एका बाळाची आई. १३ मे १९७३ ला सामना झाला. रिग्जने तिला ६–२, ६–१ असं सहज हरवलं. तिकडे तो नेमका मातृदिन होता. लोकांना थट्टेला विषय मिळाला.

आता बिली जीनला गप्प बसणं शक्य नव्हतं. समान पैशाची लढाई नुकती कुठे रुळावर येत होती. मुलींना शाळा-कॉलेजांत खेळाची समान संधी देणारा कायदा अमेरिकेत आदल्याच वर्षी झाला होता आणि त्याला विरोधही होत होता. या थट्टेत ते सगळं वाहून जाईल, अशी तिला भीती होती. तिने होकार दिला.

२० सप्टेंबर १९७३, पुन्हा ह्यूस्टन. मैदानात तीस हजारांवर माणसं. जगभरात कोट्यवधी लोक दूरदर्शनसमोर. बिली जीनला पालखीसारख्या आसनात बसवून आणलं. रिग्ज आला हातरिक्षात, ती ओढायला तरुण मुली. त्याने तिला भलंमोठं चॉकलेट दिलं, तिने त्याला डुकराचं पिल्लू भेट दिलं. एवढा सगळा तमाशा.

पण सामना सुरू झाला आणि बिली जीनने डोकं थंड ठेवलं. एरवी ती जाळीजवळ धावत जाऊन फटके मारायची. त्या दिवशी मागे राहिली, चेंडू एकदा या कोपऱ्यात, एकदा त्या कोपऱ्यात टाकत राहिली. पहिल्या सेटमध्ये ती थोडी मागे पडली, मग सावरली. रिग्ज धावून धावून दमला. निकाल ६–४, ६–३, ६–३. हे पुरुषांच्या नियमाने, पाच सेटच्या सामन्यात.

एकोणतीस वर्षांच्या खेळाडूने पंचावन्न वर्षांच्या माणसाला हरवलं, यात खेळ म्हणून मोठं नवल नाही. ती स्वतःही हेच म्हणायची. पण त्या रात्री घराघरांत बायका-पुरुष एकत्र बसून बघत होते. नंतर कितीतरी बायकांनी तिला सांगितलं, दुसऱ्या दिवशी मी साहेबाकडे जाऊन पगारवाढ मागितली. आणि रिग्ज? पुढे त्या दोघांची मैत्री झाली, ती त्याच्या मरणापर्यंत टिकली.

कमावणारी ती, सही नवऱ्याची

एक गोष्ट आपल्या गटांसाठी खास सांगते. इतकं नाव, इतका पैसा, घरात मुख्य कमाई हिची. तरी त्या काळात बँकेचं क्रेडिट कार्ड तिला स्वतःच्या नावावर मिळत नव्हतं. नवऱ्याची सही आणा, म्हणायचे. अमेरिकेत ही! कर्ज आणि उधारी देताना बाई म्हणून भेद करायचा नाही, असा कायदा तिथे १९७४ साली झाला. तेव्हा ज्या बाईने गटातून पहिलं कर्ज आपल्या सहीने उचललं, तिने किती मोठी गोष्ट केली, हे घरात जरूर सांगा.

तिच्या वाट्याला वाईट दिवसही आले. १९८१ साली एका कोर्टकज्जातून तिचे एका स्त्रीशी असलेले संबंध जगासमोर आले. वर्तमानपत्रांनी झोड उठवली. तिने पत्रकारांसमोर बसून खरं ते मान्य केलं. चोवीस तासांत जाहिरातीची सगळी कामं गेली. ती निवृत्त व्हायच्या बेतात होती, पण वकिलांचे पैसे भागवायला पुन्हा रॅकेट हातात घ्यावी लागली. १९८३ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झालेली ही बाई विम्बल्डनच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचली. तिथे हरली आणि त्याच वर्षी एकेरीतून निवृत्त झाली. नवऱ्याशी पुढे घटस्फोट झाला. आज ती तिची जोडीदार इलाना क्लॉस हिच्याबरोबर राहते, दोघींनी लग्नही केलं आहे. लपवून जगण्याचा त्रास काय असतो, यावरही ती मोकळेपणाने बोलते.

ग्रँड स्लॅम स्पर्धांत तिची एकूण ३९ विजेतेपदं आहेत. त्यांतली १२ एकेरीची. एकट्या विम्बल्डनमध्ये २०. २००६ साली न्यूयॉर्कच्या ज्या टेनिस केंद्रात अमेरिकन ओपन होते, त्याला तिचं नाव दिलं. ते केंद्र एका सार्वजनिक बागेत आहे. ही मुलगी शिकली होती तीही सार्वजनिक बागेतच. २००९ साली राष्ट्राध्यक्ष ओबामांनी तिला अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान दिला. २०२० साली बायकांच्या सांघिक जागतिक स्पर्धेला तिचं नाव मिळालं. तोच पुण्याला आलेला चषक.

चौतीस वर्षं

अमेरिकन ओपनने समान पैसे दिले १९७३ साली. विम्बल्डनने कधी दिले माहीत आहे? २००७ साली. मध्ये चौतीस वर्षं गेली. त्या वर्षी विम्बल्डन जिंकून पुरुषाइतकाच पैसा घेणारी पहिली बाई ठरली व्हीनस विल्यम्स. ती कृष्णवर्णीय, आणि तीही सार्वजनिक मैदानांवर शिकलेली. बाकीचे लोक कुठे आहेत, या बारा वर्षांच्या मुलीच्या प्रश्नाचं थोडं उत्तर त्या दिवशी मिळालं.

आपल्या देशात समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला. रोजगार हमीच्या कामावर बाई-पुरुषाला एकच दर आहे, हे तुम्हाला माहीत आहे. २०२२ साली आपल्या क्रिकेट मंडळाने भारतीय संघातल्या मुलींना सामन्याचं मानधन मुलांइतकंच द्यायचं ठरवलं. पण वर्षाच्या कराराची रक्कम अजून सारखी नाही. आणि खाजगी रानातला रोज तर तुम्ही रोजच बघता. कायदा झाला म्हणजे पैसा हातात आला असं होत नाही. मागणारी लागते, आणि तिच्या मागे उभ्या राहणाऱ्या आठजणी लागतात.

पुढच्या बैठकीत या चार गोष्टींवर बोला. आपल्या गावात कुठल्या कामाला बाईचा आणि गड्याचा रोज वेगळा आहे? तो वेगळा असण्याचं कारण काय सांगतात, आणि ते खरं आहे का? मागणी करायची झाली तर चार दिवस थांबता येईल इतकी सोय आपल्याकडे आहे का, नसेल तर ती कशी करायची? आणि ठरलेलं कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या-अंगठे घेतले आहेत का?

काय ठरलं, ते आम्हाला चिठ्ठी लिहून कळवा. कार्यक्रमात वाचून दाखवू, नाव नको असेल तर नावाशिवाय.

येते मी. नमस्कार.